तारेआडचा घास

हिरडाटोल्यात कुणाच्या घरचा भात शेतातल्या कुठल्या बांधीतला, हे बिरजू एका घासात सांगायचा. लग्नाच्या पंगतीत बसला की भाजीचा पहिला घास घेऊन तो थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "मीठ मागून टाकलं हाय." वाढणाऱ्या बाया हसायच्या, पण चुलीपाशी जाऊन विचारलं की ते खरं निघायचं. मोहाचं फूल तोंडात टाकून तो झाड ओळखतो असंही लोक म्हणत. ते कलाबाईनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. तिला एवढं मात्र ठाऊक होतं, की बावीस वर्षांच्या संसारात तिनं रांधलेलं या माणसानं कधी नुसतं गिळलं नव्हतं.

त्याच बिरजूच्या तोंडावर अस्वलाचा पंजा बसला.

दोन हजार एक सालचा एप्रिल नुकताच लागला होता. मोह जोरात गळत होता. बिरजू उजाडता उजाडता टोपली घेऊन नाल्याकाठच्या झाडाखाली गेला, आणि त्याच्याआधी अस्वल तिथं येऊन फुलं खात बसलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा मध्ये चार हातांचं अंतर होतं. अस्वल उठलं, एकदाच पंजा मारला आणि जंगलात निघून गेलं. गावकऱ्यांनी बिरजूला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं, तिथून जीपनं ब्रह्मपुरीला, आणि ब्रह्मपुरीहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात.

डोळा वाचला. गाल शिवला. जबडा मात्र तीन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे दात आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले, पेटीला कुलूप घालावं तसे. सुट्टी देताना एका तरुण डॉक्टरीणबाईनं कलाबाईला बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं, की दोन महिने हे तोंड उघडायचं नाही. डाव्या बाजूचे दोन दात पंजानं पडले होते, त्या फटीतून नळी आत जात होती. जे काही पोटात जाईल ते त्या नळीनं, पाण्यासारखं पातळ. मग तिनं एक छोटी, जाड पात्यांची कात्री कलाबाईच्या हातात दिली.

"ओकारी आली, ठसका लागला, श्वास अडकला, तर या चार तारा कापायच्या. विचार करत बसायचं नाही."

कोणत्या चार, ते तिनं बोट लावून दाखवलं. कलाबाईनं ती कात्री पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. तेव्हापासून झोपताना, पाणी भरताना, चुलीपुढे बसताना ती तिथंच असायची.

घरी आल्यावर सुरू झालं ते डाळीच्या पाण्याचं आणि पेजेचं खाणं. डॉक्टरांनी दूध सांगितलं होतं, पण त्यांच्या घरात दूध प्यायची रीतच नव्हती. गाईचं दूध वासराचं, अशी जुनी समज. कलाबाईनं शेजारगावाहून दूध आणलं, तर बिरजूनं वासानंच मान फिरवली. ओकारी येईल या भीतीनं तिनंही आग्रह सोडला. मग तिनं भात पाट्यावर वाटून पाहिला. अर्धा दिवस वरवंटा फिरवला तरी कण राहायचेच. एक कण नळीत अडकला की सगळं थांबायचं.

बिरजू बोलू शकत होता. दात मिटूनच बोलायचा, बंद खोलीतून कुणी बोलावं तसं. सुरुवातीला दोन-चार शब्द बोलायचा. मग हळूहळू तेही थांबलं. नळी तोंडाशी आणली की तो गिळायचा, आणि डोळे वर छपराकडे लावून पडायचा. दवाखान्यातून आणलं तेव्हा त्याला उठवून बसवायला कलाबाईला दोन्ही हात आणि गुडघाही लावावा लागे. पंधरा दिवसांनी ती एका हातानं त्याला बसवू लागली. ज्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी तिनं चुलीवरची पेज उतरवली आणि तशीच बसून राहिली.

दर उन्हाळ्यात कलाबाई ब्रह्मपुरीला चारोळी घेऊन जायची. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मुश्ताकभाऊंचं दुकान होतं. पंखे, कूलर, पाण्याच्या मोटारी, जे फिरतं ते सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. दुकानामागेच घर. त्यांची बायको शमसुन्निसा चारोळी दुसऱ्या कुणाकडून घेत नसे. ईदच्या शीरखुर्म्यात कलाबाईचीच चारोळी पडायची.

या वेळी कलाबाई औषध न्यायला आली होती. हातात चारोळीची पुरचुंडी होती, पण मूठभरच.

"एवढीच काऊन वो, कलाबाई?" शमसुन्निसा कणीक मळत होती.

"जंगलात जाणं झालं नाई, भाभी."

मग तिनं सगळं सांगितलं. अस्वल, तार, नळी, पाटा. सांगताना ती रडली नाही. एका हातानं त्याला कसं बसवता येतं, तेवढं सांगताना मात्र तिचा आवाज बारीक झाला. शमसुन्निसाचे कणकेतले हात केव्हाच थांबले होते. ती उठली, हात धुतले, स्टुलावर चढली आणि कपाटावरून एक खोका खाली काढला. त्यावर चार वर्षांची धूळ होती.

"माह्या भावानं, आरिफनं, जेद्दाहून आणलं हे. त्याच्या मनात होतं, बहिणीनं पाट्यावर वाटत बसू नये. पण मले त्या पात्यांची भीती वाटते. कधी लावलंच नाई."

आत एक छोटीशी मशीन होती. तांब्याएवढी उंच, पांढरी. सोबत दोन आरपार दिसणारे प्याले. एका प्याल्यात कांदा, भाजी बारीक चिरायची पाती, आणि दुसऱ्यात सगळं घोटून पातळ करायची. दुकानातून मुश्ताकभाऊ आले. त्यांनी मशीन उलटी करून खालच्या पत्र्यावरचं लिहिलेलं वाचलं, कानाशी नेऊन हलवली, हातानं दांडा फिरवून पाहिला.

"मोटर चांगली हाय. पिन आपल्याकडची नाई, ते मी बदलतो. घरी लाइट हाय ना?"

"हाय. एक बल्ब हाय."

"बोर्ड?"

"बोर्ड नाई. नुसता बल्ब लोंबते."

मुश्ताकभाऊंनी थोडा विचार केला. "सोमवारी दुकान बंद राहते. मीच येतो. तू मशीनले हात लावू नको तोवर."

सोमवारी अकराच्या सुमारास ते लुनावरून आले. वैनगंगेच्या पुलापासून पुढचा रस्ता खणलेला होता, त्यामुळे भुवयांपर्यंत धुळीनं माखले होते. कलाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं. बिरजूनं बाजेवरून हात जोडून जोहार केला. मुश्ताकभाऊ त्याच्याजवळ जाऊन बसले, त्याच्या गालाची शिवण पाहिली. "आता पाहू, बिरजूभाऊ," एवढंच म्हणाले.

त्यांनी बल्ब काढला, त्या जागी एक काळी पिन बसवली, तिला लांब वायर जोडली आणि मशीन पाटावर ठेवली. तोवर दाराशी माणसं जमली होती. बिरजूची म्हातारी आत्या बुधरी तर सरळ आत येऊन मशीनपुढेच उकिडवी बसली. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. शेजारच्याच घरात ती एकटी राहायची आणि कलाबाईकडची पेज प्यायची.

"पहिले कांदा," मुश्ताकभाऊ म्हणाले.

कांद्याचे चार तुकडे करून त्यांनी प्याल्यात टाकले, झाकण लावलं आणि वरून तळहातानं दाबलं. मशीन गुरगुरली. त्यांनी हात उचलला, ती थांबली. परत दाबलं, परत उचललं. तीनदा. मग झाकण काढून प्याला बुधरीपुढे धरला. कांद्याचा बारीक, एकसारखा चुरा झाला होता आणि त्याचा वास सगळ्या घरात पसरला.

बुधरीनं आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "कोन चावलं हे?"

दाराशी उभे असलेले हसले, पण ती हसली नाही. मुश्ताकभाऊंनी तिला खालची पाती दाखवली. ती म्हणाली, "म्हंजे दात खाली हायेत, अन् झाकण वर. चावते मात्र माणसासारखंच." तिनं हात जोडले नाहीत की काही नाही, पण जरा मागे सरकून बसली, मोठ्या माणसापुढे बसावं तशी.

मग दुसरा प्याला लागला. कलाबाईनं मऊ शिजवलेला भात आणि लाखोळीची डाळ आणून दिली. मुश्ताकभाऊंनी त्यात गरम पाणी ओतलं. "आता तू दाब," ते म्हणाले.

"मी?"

"मी का रोज येईन?"

कलाबाईनं तळहात झाकणावर ठेवला. दाबताच मशीनची थरथर हातातून खांद्यापर्यंत चढली. मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. पण तिनं हात काढला नाही, कारण प्याल्यात जे चाललं होतं त्यावरून तिची नजर हलेना. भात काठानं वर चढत होता आणि मध्ये खोल खड्डा पडला होता, नदीच्या भोवऱ्यासारखा. शितं त्या खड्ड्यात पडत होती आणि दिसेनाशी होत होती. आधी शितं दिसली, मग अर्धी शितं, मग नुसते पांढरे ठिपके, आणि मग काहीच नाही. पिवळसर, गुळगुळीत, दाट दूधच जणू. जे तिला पाट्यावर अर्ध्या दिवसात जमलं नव्हतं ते वीस मोजायच्या आत झालं होतं.

तिनं हात उचलला. घर एकदम शांत झालं.

नळीनं तो प्याला बिरजूच्या पोटात गेला. कुठं अडकलं नाही. त्यानं सगळं घेतलं, आणि डोळे छपराकडे लावले. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मुश्ताकभाऊंनी काळा चहा घेतला आणि निघताना बजावलं, "वीस मोजजो, मंग थांबवजो. मोटरले दम घेऊ देजो. ओल्या हातानं पिनले शिवू नको."

दुसऱ्या दिवशी कलाबाईनं ठरवलं, रोज डाळ-भातच काऊन? घरात सुके झिंगे होते. तिनं चिंचेच्या पाण्यात झिंग्यांचा रस्सा केला, त्यात भात कालवला आणि सगळं मशीनमध्ये घातलं. वीस मोजलं. वरून तर कालच्यासारखंच दिसत होतं.

दोन घोट नीट गेले. तिसऱ्याला बिरजूच्या घशात काहीतरी टोचलं आणि त्याला ठसका लागला.

तोंड बंद असलेला माणूस खोकतो तेव्हा आवाज बाहेर येत नाही, आतल्या आतच फुटत राहतो. त्याचे डोळे मोठे झाले, मानेच्या शिरा तटतटल्या, हात बाजेची दोरी शोधू लागले. कलाबाईनं पदराची गाठ ओढली. ती सुटेना. तिनं दातांनी पदर फाडला आणि कात्री हातात आली. त्याचा ओठ तिनं बोटानं वर केला. चार तारा. कोणत्या चार? डॉक्टरीणबाईचं बोट तिला आठवत होतं, जागा आठवत नव्हती. सगळ्या तारा सारख्याच चमकत होत्या.

बिरजूनं तिचं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यानं मान खाली, डाव्या कुशीकडे केली, नाकानं हळूहळू श्वास ओढला आणि पुन्हा खोकला. पडलेल्या दातांच्या फटीतून रस्सा बाहेर आला, आणि त्याबरोबर झिंग्याची केसाएवढी एक मिशी. मग तो नाकानं श्वास घेत पडून राहिला. मनगट सोडलं नाही.

तिनं मशीन धुतली, पुसली आणि खोक्यात घालून फळीवर ठेवली. दोन दिवस परत डाळीचं पाणी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती नळी घेऊन बाजेशी आली, तर बिरजूनं हातानं ती बाजूला सारली. त्यानं फळीकडे पाहिलं.

"लाव," तो दातांआडून म्हणाला. किती दिवसांनी त्यानं आपणहून शब्द काढला होता.

"नाई लावत मी."

"लाव ना."

"तुमी मेले असते परवा माह्या हातानं."

तरी बिरजू नळी घेईना. बुधरी दारात बसून हे सगळं ऐकत होती. ती उठून आपल्या घरी गेली आणि जुन्या धोतराचं धुऊन धुऊन जाळीसारखं झालेलं एक फडकं घेऊन आली.

"मशीन चावते, गाळत नाई," ती म्हणाली. "बिनदाताच्या पोराले आमी काय देत होतो? चावून, फडक्यात बांधून, चोखाले. चावणं एकाचं काम, गाळणं दुसऱ्याचं. तू चाव, मी गाळतो."

त्या दिवशी घरात वांग्याच्या खुला होत्या, म्हणजे उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या वांग्याच्या फोडी. कलाबाईनं त्या चिंच घालून शिजवल्या, तेलात लसूण टाकून वरून ओतला. झिंगे भाजून, मिशा-पाय खुडून, मोजके घातले. भात घातला. मशीनवर हात ठेवताना तिनं डोळे मिटले, वीस मोजलं, थांबली, पुन्हा वीस मोजलं. मग बुधरीनं फडकं धरलं आणि दोघींनी मिळून ते पिळलं. फडक्यात चिमूटभर चोथा राहिला. खाली वाटीत जे उतरलं ते नाल्याच्या गढूळ पाण्यासारखं दिसत होतं. त्यात काय काय होतं, ते पाहून कुणालाही सांगता आलं नसतं.

एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात कात्री, अशी कलाबाई बसली. बिरजूनं पहिला घोट घेतला. तो लगेच गिळला नाही.

तो थांबला. गालाची शिवण जराशी हलली. बंद दातांच्या आत जीभ फिरत होती, हे बाहेरून दिसत होतं. मग त्यानं गिळलं आणि दुसरा घोट घेतला. परत थांबला. ठसका आला नाही.

"सुकरीच्या," तो म्हणाला.

"काय?"

"खुला. सुकरीच्या घरच्या."

कलाबाईनं बुधरीकडे पाहिलं. सुकरी म्हणजे बिरजूची बहीण, पलीकडच्या गावात दिलेली. ती सकाळी येऊन भावाला पाहून गेली होती आणि जाताना मूठभर खुला देऊन गेली होती. तेव्हा बिरजू झोपलेला होता. कलाबाईनं त्याला सांगितलंच नव्हतं.

"कोन सांगतलं तुमाले?"

"धूर लागते. ते गोठ्यावर वाळवते." त्यानं श्वास घेतला. एवढं बोलून तो दमला होता. मग आणखी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "झिंगे मागच्या सालचे हायेत." आणि थोड्या वेळानं, "मीठ कमी."

वाटी संपली. बिरजूनं नळी सोडली नाही, म्हणून तिनं तळाशी राहिलेलंही ओतलं. ते पिऊन त्यानं डोळे मिटले आणि छपराकडे न पाहता तो कुशीवर वळला.

कलाबाई रिकामी वाटी घेऊन अंगणात आली. उन्हं कडक होती. वाटीच्या काठाला लागलेलं तिनं बोटानं पुसून चाटलं. तिला आंबट लागलं, लसणाचा वास लागला, बाकी काही कळलं नाही. वांगं राहिलं नव्हतं, झिंगा राहिला नव्हता, शीत राहिलं नव्हतं. पात्यांनी सगळ्याचं नाव-गाव पुसून टाकलं होतं. तरी त्या माणसानं मिटल्या दातांआड, त्या गढूळ पाण्यातून आपल्या बहिणीच्या गोठ्यावरचा धूर शोधून काढला होता. यंत्राचं नवल मोठं की जिभेचं, हे तिला ठरवता येईना. ती वाटी हातात घेऊन उन्हात उभी राहिली. बुधरी मागून येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

त्यानंतर घराचा नूर पालटला. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकली होती, त्यांच्या बिया काढून तिनं गर घोटून दिला. आंबा दिला. नाल्यातले खेकडे कुटून, गाळून त्यांचा रस्सा दिला. एकदा दोन दिवस लाइट गेली तेव्हा परत पाटा काढावा लागला, आणि बिरजूनं पहिल्याच घोटाला नाक मुरडलं. ते पाहून कलाबाईला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. कात्री कमरेलाच असायची, पण आता गाठ सैल मारलेली होती. आणि मेच्या शेवटी एके सकाळी ती त्याला नेहमीसारखं एका हातानं उठवायला गेली तर तो उठेना. तिनं दुसरा हात लावला. मग गुडघाही लावला.

एका रविवारी घरात कोंबडी होती. बुधरी रोजच्यासारखी फडकं धरून बसली होती. पिळून झाल्यावर तिनं वाटी कलाबाईकडे दिली, पण तिथंच घुटमळली.

"काय झालं, आत्या?"

"थोडं मलेही दे."

तेव्हा कलाबाईच्या ध्यानात आलं. इतके दिवस ही म्हातारी गाळत होती आणि बिनदाताचं एक तोंड घेऊन पेजच पीत होती. तिनं आपल्या वाट्याची कोंबडी मशीनमध्ये टाकली, थोडं जाडच ठेवलं, आणि वाटी बुधरीच्या हातात दिली. बुधरीनं ती दोन्ही हातांत धरून हळूहळू संपवली. संपल्यावर वाटीकडे पाहत राहिली.

"बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "कोंबडी अशी लागते, हे मी विसरूनच गेली होती."

त्या दिवसापासून मशीन दोनदा चालू लागली.

जूनच्या सुरुवातीला नागपूरला तारा काढल्या. त्याच डॉक्टरीणबाईनं काढल्या. त्यांनी बिरजूला तोंड उघडायला सांगितलं, तर एक बोटभर उघडलं. "उघडेल, रोज थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "आता मऊ खायचं. घाई नको." मग त्यांनी वजनाचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि कलाबाईला विचारलं की घरी काय देत होता. कलाबाईनं सगळं सांगितलं. खेकड्यापाशी त्या लिहायचं थांबल्या आणि नुसत्या ऐकत बसल्या.

परतताना दोघं ब्रह्मपुरीला उतरले. मशीन धुऊन, पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून सोबत आणली होती. कलाबाईनं ती शमसुन्निसाच्या ओट्यावर ठेवली आणि बुधरीच्या कोंबडीचंही सांगितलं. शमसुन्निसा तिच्याकडे पाहत राहिली.

"मले दाखव ना, कशी चालवते."

"सोपी हाय, भाभी. इथी हात ठेव. अन् घाबरू नको, झाकणाशिवाय ते चालतच नाई."

शमसुन्निसानं कोथिंबीर, मिरची, लसूण टाकला. हात ठेवला, काढला, परत ठेवला. कलाबाईनं आपला तळहात तिच्या हातावर ठेवून दाबला. मशीन गुरगुरली तशी शमसुन्निसानं डोळे घट्ट मिटले. चटणी झाल्यावर तिनं बोटभर चाखली. थोडी बिरजूलाही दिली. बिरजूनं ती जिभेवर ठेवली आणि बारीकशा फटीतून म्हणाला, "मिरची लवंगी हाय." मुश्ताकभाऊ दारात उभे होते, ते मोठ्यानं हसले.

शमसुन्निसानं मशीन धुतली आणि त्याच लुगड्यात बांधून कलाबाईच्या पिशवीत परत ठेवली.

"तुह्या घरी याचं काम पडणारी दोन माणसं हायेत," ती म्हणाली. "मले पाटा हाय."

कलाबाई नको म्हणाली, पण बसची वेळ झाली होती आणि शमसुन्निसानं पिशवीचे बंद धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईनं भात केला. आज मशीन लावली नाही. भात जरा जास्त मऊ उतरवला, वर डाळ घातली आणि दोन ताटं वाढली. बिरजू जमिनीवर, भिंतीला टेकून बसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा ताटापुढे बसत होता. त्यानं चार शितं बोटांत धरली, त्या बोटभर फटीतून आत ढकलली आणि दात दातावर टेकवले.

जबड्यात कट् असा आवाज झाला. कलाबाईचा हात कमरेकडे गेला. तिथं आता काही नव्हतं. बिरजू थांबला, मग परत चावू लागला. एक घास चावायला त्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात तिचं अर्धं ताट झालं असतं. तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. त्यानं गिळून दुसरी शितं उचलली, तेव्हा तिनंही आपली चार शितं उचलली. तो चावत होता तोवर ती चावत होती. आयुष्यात कधी तिनं भात इतका वेळ तोंडात ठेवला नव्हता. चावता चावता तो गोड होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

उन्ह दारातून आत आलं, ताटांवरून सरकलं आणि भिंतीला लागलं. डाळ थंड झाली. बाहेरून बुधरीचा आवाज आला.

"झालं का गा जेवण?"

बिरजूचं तोंड भरलेलं होतं. त्यानं सावकाश चावलं, गिळलं, आणि मग म्हणाला, "नाई अजून."